आप्पांची फिरवणी

आप्पा बोराड्यांना आपला फोन नंबर देणं हे चांगलं पाच मिनिटांचं काम होतं. इंदिरानगरच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामानाचा टेम्पो अजून खाली उभा होता. जिन्यात पांढरा सदरा घातलेला, खिशाला दोन पेनं लावलेला एक उंच म्हातारा समोर आला आणि म्हणाला, “खालच्या मजल्यावरचा बोराडे. नंबर सांगा तुमचा, सोसायटीच्या वहीत घ्यायचाय.”

मी सवयीने सुरुवात केली, “अठ्ठ्याण्णव, सत्तेचाळीस...”

त्यांनी पेन कागदावरून उचललं. “जोडीनं नका सांगू, एकेक आकडा सांगा. आपल्यात सत्तेचाळीस म्हणलं की सात आधी कानात शिरतो, चार मागनं येतो. आन् हात हा कानाचा चाकर. ऐकला तसा लिहून मोकळा होतो.”

मी एकेक आकडा सांगितला, त्यांनी लिहिला. मला वाटलं झालं. पण त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि माझा फोन स्वतःच्या हातात घेतला. “आता मी तुमच्या फोनात बघून वाचतो, तुम्ही वहीत बघा. वाचणारा टिपणारा होतो, टिपणारा वाचणारा होतो. ह्याला आमी फिरवणी म्हणायचो.” टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, “झालं की हो काका.” ते शांतपणे म्हणाले, “झालं म्हणू नका, निम्मं झालं म्हणा. एकट्यानं वाचलेला आकडा म्हंजी अर्धा आकडा.”

नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये त्यांची चौतीस वर्षं गेली. छापून आलेल्या कागदावरचे अनुक्रमांक तपासणं एवढं एकच काम त्यांनी केलं. माणसं मूळची मखमलाबादकडची, मळेवाली. लहानपणी ते मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून बाजारात नेत, त्या जुड्यासुद्धा त्यांच्या घरात आई आणि मुलगा अशा दोघांनी मोजायच्या असत. मळ्यावर आता इमारती आहेत. बोली तेवढी मळ्यातली राहिली होती.

लोक त्यांना टाळत. आमचा वॉचमन त्यांना पाहून मीटरच्या खोलीत लपायचा, कारण सापडला की आप्पा त्याला आलेल्या गाड्यांचे नंबर वाचायला लावत आणि मग फिरवणी करत. त्यांची सून वैशाली हसत सांगायची की लग्नपत्रिकेच्या कच्च्या प्रतीत मुहूर्त बारा पस्तीसच्या जागी बारा त्रेपन्न पडला होता. तो आप्पांनी पकडला आणि छापखान्यात जाऊन बदलून घेतला. “आप्पांमुळे मी अठरा मिनिटं आधी अडकले,” असं ती त्यांच्यासमोरच म्हणायची. आप्पा म्हणायचे, “अडकली तू न्हवं, पोरगं अडकलं माझं.”

मी अंबडच्या एका कारखान्यात मापन विभागात आहे. आमच्याकडे मापाचं यंत्रही दर सहा महिन्यांनी तपासलं जातं. त्यामुळे इतरांना आप्पांचा जाच वाटायचा तसा मला वाटला नाही. उलट आमची जमली. “तुम्ही मायक्रॉनवाले, आमी आकडेवाले,” असं म्हणत ते संध्याकाळी वर येऊन बसत.

सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून घरी कॉम्प्युटर बांधला. त्याचं कारण माझी बायको नंदा. ती अकरा वर्षं सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका होती. त्या वर्षांत तिने पाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांची बोलणी रेकॉर्ड केली. रानातला कुठला कांद, म्हणजे कंद, कसा ओळखायचा, किती पाण्यात ठेवायचा, कुठली भाजी कुठल्या नक्षत्रापर्यंत खायची, बाळंतिणीला काय द्यायचं. बोलता बोलता त्या सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, गेलेल्या लेकरांबद्दलही सांगत. दोनशे बारा रेकॉर्डिंग होती. बोलणाऱ्या एकतीस बायकांपैकी नऊ तोवर वारल्या होत्या. नंदाने प्रत्येकीला शब्द दिला होता की हे तुमच्या माणसांशिवाय कुणाच्या कानावर जाणार नाही. एकदा जुना लॅपटॉप दुरुस्तीला दिला आणि परत आला तेव्हा त्यातल्या दोन फाइली कुणीतरी उघडून ऐकलेल्या दिसल्या. त्या दिवशी तिने ठरवलं की यापुढे यंत्र घरचं, आणि उघडायचं ते घरच्यांनीच.

ते बांधणं मला अजून दिसतं. हॉलमध्ये जुनी चादर अंथरलेली, मधोमध उघडी पेटी. आप्पांनी स्वयंपाकघरातून इडलीपात्राच्या थाळ्या मागून आणल्या आणि प्रत्येक खळग्यात एकेका जातीचे स्क्रू ठेवून शेजारी चिठ्ठी लावली. नंदा म्हणाली, “आप्पा, उद्या माझ्या इडलीत स्क्रू निघाला तर?” आप्पा म्हणाले, “बाई, निघायचा न्हाई. सोळा घेतले, सोळा लागले. भाऊसाहेबांनी फिरवणी केलीय.” तिला ते बाई म्हणायचे, मला भाऊसाहेब. इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं, पण पडद्यावर आलेला प्रत्येक संदेश ते अक्षर लावून वाचत आणि अर्थ कळेपर्यंत मला पुढचं बटण दाबू देत नसत.

त्या कॉम्प्युटरवर विंडोज दहा होतं. ऑक्टोबरात त्याची मुदत संपणार, ही बातमी आली तेव्हा मी माझ्या पद्धतीने तक्ता केला. दहा तसंच ठेवणं, अकराचं होम घेणं आणि अकराचं प्रो घेणं, असे तीन रकाने. बारा ओळी, प्रत्येक ओळीला दहापैकी गुण. दहाला एकाहत्तर पडले, होमला अठ्ठ्याहत्तर, प्रोला शहाऐंशी. तक्ता मी आप्पांपुढे ठेवला.

त्यांनी आधी बेरजा तपासल्या. मग विचारलं, “मुदत संपली म्हंजी दुसऱ्या दिवशी बंद पडणार का?”

“नाही. चालत राहील. पण नवीन धोके आले तर त्यावरची दुरुस्ती मिळणार नाही.”

“म्हंजी घर तसंच, राखणदार काढून घेतला.”

“तसंच.”

“आन् होम आणि प्रोत फरक काय?”

मी सांगितलं की माझ्या दृष्टीने मोठा फरक कुलपाचा आहे. होममध्ये सगळी डिस्क कुलूपबंद करायची तर इंटरनेटवरचं खातं जोडावं लागतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. प्रोमध्ये खात्याशिवाय आपल्या हाताने कुलूप लावता येतं. अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मिळते, ती आपल्यापाशीच राहते. यंत्राला शंका आली की ते किल्ली मागतं. एरवी मागत नाही.

आप्पांनी तक्त्याच्या बारा ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं. “मार्क चांगले काढलेत. पण ह्यात एक ओळ नाय. बिघडलं तर परत कसं यायचं? भाऊसाहेब, जायची वाट कुणीबी सांगंल. यायची वाट विचारून ठेवावी.” त्यांचं मत होतं की दहा ओळखीचं आहे, ते जमेल तितकं चालवावं, आणि अकराच घ्यायचं तर कुलूप लावू नये. “किल्ली हरवली तर तुमचंच घर तुमाला बंद. चोराला एकदा बंद, मालकाला कायमचं.”

नंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “आप्पा, मी त्या बायकांना शब्द दिलाय.”

आप्पांनी तक्त्याची घडी घातली. “मग प्रो. शब्द हाय तर कुलूप हाय. पण किल्ली कागदावर घ्यायची आन् फिरवणी करायची.”

जूनमध्ये मी प्रो बसवलं. रेकॉर्डिंग आधी बाहेरच्या डिस्कवर काढली, मग परत आत घेतली, दोनशे बाराच्या दोनशे बारा. एका शनिवारी दुपारी कुलूप लावलं. किल्लीची फाइल पेनड्राइव्हवर ठेवली आणि ती पडद्यावर उघडून आप्पांना वर बोलावलं.

त्या दिवशी माझी दुसरी पाळी होती. कंपनीची बस अडीचला लेखानगरच्या थांब्यावर यायची. आप्पा वही घेऊन दोन वाजून पाच मिनिटांनी आले. आधी पंखा बंद करायला लावला, मग चष्मा पुसला, मग पानावर आठ ओळी आखल्या, प्रत्येक ओळीत सहा घरं. दोन दहा झाले. मी वाचायला लागलो आणि घाईत जोडीने वाचू लागलो. त्यांनी एकदा पेन उचललं. “एकेक.” मी म्हटलं, “आप्पा, लिहा हो, बस जाईल.” ते लिहीत गेले.

शेवटची जोडी झाल्यावर मी उठलो. ते म्हणाले, “आता फिरवा. मी खुर्चीत बसतो, तुम्ही वही धरा.”

“पेनड्राइव्हवर फाइल आहे, आप्पा. कागद म्हणजे जादाचा. झालं.”

“निम्मं झालं.”

तेव्हा माझ्या तोंडून जे गेलं ते असं: “ही तुमची प्रेस नाही. हे माझं घर आहे. आणि सगळं जग काही तुमच्यासारखं रिकामं नसतं.”

नंदा चहा घेऊन आली होती, ती जागच्या जागी थांबली. आप्पा म्हणाले, “बरं.” त्यांनी वहीत खाली दोन-तीन ओळी लिहिल्या, वही मिटली, पेन खिशाला लावलं आणि जिना उतरून गेले. चहा तसाच राहिला. मला बस मिळाली.

त्यानंतर ते वर आले नाहीत. जिन्यात दिसले की “काय भाऊसाहेब” म्हणत, मीही “काय आप्पा” म्हणे. ऑगस्टमध्ये बाहेरची डिस्क टेबलावरून पडली आणि संपली. नवी डिस्क घ्यायची हे मी कामाच्या यादीत लिहिलं. आप्पांची माफी मागायची हेही त्याच यादीत होतं. दोन्ही यादीतच राहिलं.

दसऱ्यानंतर आठवड्याने आप्पांना पक्षाघात झाला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. मी दवाखान्यात जाऊन आलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, शब्द आला नाही. मी पाच मिनिटं उभा राहिलो आणि “आराम करा” असं काहीतरी म्हणून निघालो. दिवाळीच्या आत त्यांना घरी आणलं. पण मी खाली गेलो नाही. जड जात होतं.

दिवाळी झाली. सुरगाण्याकडची माणसं दिवाळीनंतर जीपगाड्या भरून निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला उतरतात, ती उन्हाळ्यातच परततात. पाडा रिकामा होण्याआधीच्या रविवारी नंदा तिथे जाऊन ज्या त्या घरातली बोलणी ज्या त्या घराला देणार होती. तीन महिन्यांपूर्वीच तिने निरोप धाडला होता. एकवीस घरांसाठी एकवीस कार्डं आणून ठेवली होती, त्यावर फाइली भरायच्या होत्या.

कॉम्प्युटर अधूनमधून क्षणभर अडखळत होता. शुक्रवारी सुट्टी काढून मी सकाळी त्याचं बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, नवीन करायला घेतलं. त्यासाठी एक पेनड्राइव्ह पुसून कोरा लागतो. खणात दोन काळे पेनड्राइव्ह होते, एकसारखे. कारखान्यात प्रत्येक मापाला चिकटपट्टी लावणारा मी, या दोघांना लावली नव्हती. एक किल्लीचा, दुसरा पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओचा. हाताला आला तो लग्नाचा समजून मी न उघडता पुसला.

नवं बायोस चढलं आणि काळ्या पडद्यावर प्रश्न आला. यंत्रातल्या कुलपाच्या चिपची जुनी नोंद पुसायची का? होय तर वाय, नाही तर एन. डिस्कला कुलूप असेल तर किल्लीशिवाय यंत्र उघडणार नाही, असंही खाली लिहिलं होतं. मी ते वाचलं, समजलं, आणि किल्ली खणात आहे अशा खात्रीने वाय दाबलं.

निळा पडदा आला, किल्ली मागणारा. मी दुसरा पेनड्राइव्ह नंदाच्या शाळेच्या जुन्या लॅपटॉपला लावला. पुतण्या घोड्यावर बसलेला दिसला.

मी तीनदा तो पेनड्राइव्ह काढून लावला. मग पुसलेला लावला. त्यात बायोसच्या फाइलीखेरीज काही नव्हतं. पुसलेलं परत आणणारा एक प्रोग्रॅम चालवला, त्याने पंचेचाळीस मिनिटं घेतली आणि कुठल्यातरी जुन्या गाण्याचे तुकडे दिले.

साडेअकराला नंदाला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. कार्डांच्या डबीवर हात ठेवून तिने विचारलं, “परवा काय सांगू तिथे? तुमची आई हरवली माझ्याकडून?” थोड्या वेळाने म्हणाली, “आप्पांनी लिहून घेतलं होतं ना?”

“फिरवणी केली नव्हती.”

“पण लिहिलं तर होतं. जा खाली.”

त्या सोळा पायऱ्या उतरताना मला माझी लाज वाटत होती. माणूस अंथरुणाला खिळला तेव्हा मी गेलो नाही, आणि आता वहीसाठी चाललो होतो. वैशालीने दार उघडलं. आप्पा हॉलमध्ये खाटेवर उशीला टेकून होते. मी तिला खरं तेच सांगितलं, “वहिनी, मी आप्पांना बघायला आलो नाही. त्यांची एक वही हवी आहे.” ती म्हणाली, “तरी आलात ना. नाहीतर म्हटलं, वरच्या मजल्यावरून खाली यायला तुम्हाला जीप लागते की काय.” आणि कपाट उघडून तिने वह्यांची चळत काढली. एकोणीस होत्या, पाठीवर महिने लिहिलेल्या. जूनची मिळाली. आप्पांचे डोळे माझ्या हातावर होते.

पान सापडलं. आठ ओळी, अठ्ठेचाळीस आकडे, छापल्यासारखे. आणि खाली त्या दिवशी लिहिलेल्या ओळी:

‘वाचन भाऊसाहेब. जोडीनं, घाईत. टिपण मी. फिरवणी नाय. ह्या पानावर विसंबू नये.’

“वर नेऊ का?” मी आप्पांना विचारलं. त्यांनी डोळे मिटून उघडले.

नंदा वाचत होती, एकेक आकडा, आणि मी दाबत होतो. अठ्ठेचाळीस भरले. पडदा म्हणाला, किल्ली बरोबर नाही. दाबताना चुकलं असेल म्हणून पुन्हा भरले, जागा बदलून, मी वाचत आणि नंदा दाबत. किल्ली बरोबर नाही.

आकडे चुकीचे असतील तर कुठला? अठ्ठेचाळीस घरं, प्रत्येकात नऊ वेगळे पर्याय. एकच चूक धरली तरी चारशे बत्तीस किल्ल्या. दोन चुका धरल्या तर हिशेबच नको. मी फोनवर शोधत बसलो आणि एका ठिकाणी मिळालं की या किल्लीतला सहा आकड्यांचा प्रत्येक गट अकराने पूर्ण भागला जातो. म्हणजे निदान कुठला गट आजारी आहे ते कळणार होतं.

अकराची कसोटी शाळेतली आहे. एक सोडून एक आकडे मिळवायचे, उरलेले मिळवायचे, दोन्ही बेरजा सारख्या हव्यात किंवा फरक अकराचा हवा. पहिला गट बसला. दुसरा, तिसरा, चौथा बसला. पाचवा होता ५३७४६५. पाच, सात, सहा, अठरा. तीन, चार, पाच, बारा. फरक सहा. नाही बसला. सहावा, सातवा, आठवा बसले.

पाचवा. पण सहा घरांतलं कुठलं? मी पेन्सिलीने घरं बदलून पाहायला लागलो आणि नजर पुन्हा खालच्या ओळींवर गेली. ‘जोडीनं, घाईत.’ आकडे कुठल्या परिस्थितीत घेतले तेही आप्पांनी लिहून ठेवलं होतं. आमच्या विभागात हे प्रत्येक मापाखाली लिहावं लागतं, आणि मी कंटाळून तिथे ‘नेहमीप्रमाणे’ लिहीत आलो आहे.

जोडीने म्हणजे चूक जोडीच्या आत. गटात तीन जोड्या. पहिली उलटी केली, पस्तीस, तर बेरजा सोळा आणि चौदा. शेवटची उलटी केली, छप्पन्न, तर सतरा आणि तेरा. मधली चौऱ्याहत्तर. ती उलटी केली तर सत्तेचाळीस. पाच, चार, सहा, पंधरा. तीन, सात, पाच, पंधरा.

मी सत्तेचाळीस म्हटलं होतं. जिन्यातल्या पहिल्या दिवशी म्हटलं होतं तेच. त्यांच्या कानाने बरोबर ऐकलं होतं, हाताने चाकरी केली होती. आणि ती पकडायला जी एक रीत होती तिला मी नाटक समजून उठून गेलो होतो.

“वाच,” मी नंदाला म्हणालो. “पाचव्यात तिसऱ्या घरात चार, चौथ्यात सात.” माझं पहिलंच बटण चुकलं, म्हणून तिने मला उठवलं आणि स्वतः बसली. मी वाचलं. शेवटचा आकडा दाबून तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पडदा काळा झाला. तसाच राहिला. पेटीतला पंखा घरघरत होता. मग नेहमीचं चित्र उमटलं.

नंदाने पहिली फाइल उघडली. हिरकणबाईंचा आवाज आला. त्या पाच वर्षांपूर्वी गेल्या. “घाई करशील त घसा धरल,” त्या कांदाबद्दल सांगत होत्या. “पाण्यात राहू दे त्याला.” नंदा पदर तोंडाला लावून ऐकत राहिली.

मी पडद्यावर किल्ली नव्याने उघडली, फोनमध्ये तिचा फोटो घेतला आणि वही घेऊन खाली गेलो. पानावर मी काहीही दुरुस्त केलं नव्हतं. आप्पांचा नियम होता की आकडा बदलायचा तो फिरवणीत, दोघांसमोर.

खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो. “आप्पा, निम्मं राहिलं होतं.” फोन मी माझ्या डाव्या हातात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, वही माझ्या मांडीवर. “मी पानावरचं वाचतो. फोनात तेच असेल तर बोट आपटा.” वैशाली भाजीचा चाकू हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

मी एकेक आकडा वाचत गेलो. त्यांचं डावं बोट खाटेच्या कडेवर पडत गेलं, टक, टक. चोवीस आकडे झाले. पाचवा गट. पाच. टक. तीन. टक. सात.

बोट वरच थांबलं.

त्यांनी फोनाकडे पाहिलं, मग वहीकडे, मग माझ्याकडे. बोट खाली आलं नाही. घशातून एक आवाज निघाला. चौतीस वर्षं ज्यासाठी पगार घेतला ते त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत जसंच्या तसं होतं.

“चूक माझी,” मी म्हणालो. “मी जोडीनं वाचलं.”

मी त्यांच्याच रीतीने सात आणि चारवर एकेक रेघ ओढली, वर बरोबर आकडे लिहिले, बाजूला सही केली. पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं. बाजूला एक वेडीवाकडी खूण उमटली. मग पुढचे आकडे वाचले. शेवटचं टक झालं. मी फोनातला फोटो त्यांच्यासमोर पुसला.

मी पेन परत घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी ते सोडलं नाही. नजर पानाच्या तळाशी होती. मी वही त्यांच्या हाताखाली सरकवली आणि धरून ठेवली. दोनदा पेन घसरलं. तिसऱ्यांदा ‘ह्या पानावर विसंबू नये’ या शब्दांवरून एक रेघ गेली. सरळ नव्हती, पण शेवटपर्यंत गेली.

“त्या दिवशी मी जे बोललो...” मी सुरुवात केली. वैशालीने मागून म्हटलं, “भाऊजी, चहा टाकते. तो प्या आधी. त्यांनी तुमच्याकडचा टाकून आल्यापासून इथे कुणालाच नीट पिऊ दिलेला नाही.” आप्पांच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसणं होतं.

रविवारी नंदा एकवीस कार्डं घेऊन गेली आणि डबी रिकामी करून आली. त्यानंतर मी रोज संध्याकाळी खाली जाऊन बसू लागलो. पेपरातली धरणाची पातळी, तापमान, जे आकडे असतील ते वाचायचो. चुकीचा वाचला की बोट पडायचं नाही. कधीकधी मी मुद्दाम चुकायचो. थंडी सरता सरता आप्पा गेले.

दहाव्यानंतर वैशालीने जूनची वही मला आणून दिली. किल्लीची एक प्रत आता तिच्याकडे आहे, एक नंदाच्या बहिणीकडे, एक आमच्या कपाटात. तिन्हींची फिरवणी झाली आहे, एकेक आकड्याने. पेनड्राइव्हना चिकटपट्ट्या आहेत. त्या वहीचं पान मी कधीकधी उघडून बघतो. चूक झाकू नये, एका रेघेत खोडावी, असं आप्पा सांगायचे. त्यांची रेघ तशीच आहे. तिच्याखालचं सगळं वाचता येतं.